वागातोरचा ठेका आणि गावातला डॉल्बी

परवा रात्री जेवताना मुलीने विषय काढला. ती यंदा पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. "बाबा, डिसेंबरात आम्ही मैत्रिणी म्युझिक फेस्टिव्हलला जाणार आहोत. मी जाऊ?" तिने आधी आईला विचारले असणार, कारण सौभाग्यवती भाकरी थापता थापता एवढेच म्हणाल्या, "अप्पन्न केळु." आमच्या घरात अवघड प्रश्न कन्नडमधून माझ्याकडे ढकलले जातात, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी घास तोंडात असतानाच म्हणून गेलो, "काही नको. तिथं आता संगीत राहिलेलंच नाही. नुसता धांगडधिंगा. खरं संगीत आमच्या वेळी होतं."

मुलगी थांबली. "म्हणजे तुम्ही गेला होता?"

सासूबाई पलीकडे बसून ताकभात कालवत होत्या. मूळच्या धारवाडच्या, त्यांना मराठी समजते सगळे, पण बोलतात कन्नडच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दूरद बेट्टा नुण्णगे." आपल्याकडे म्हणतात तेच, दुरून डोंगर साजरे. ती म्हण माझ्या भूतकाळाला उद्देशून होती हे माझ्या लक्षात आले, आणि तेव्हापासून हा लेख डोक्यात घोळतो आहे.

तर हो, मी गेलो होतो. एकदा नाही, ओळीने सात-आठ हिवाळे. आज कॉलेजात मराठी शिकवणारा, शबनम अडकवून फिरणारा हा मास्तर एकेकाळी वागातोरच्या डोंगरावर पहाटेपर्यंत नाचत होता, हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगून पटणार नाही.

१९९९ चा डिसेंबर होता. माझ्या एका मित्राच्या घरचा भाजीचा धंदा. बेळगावच्या भाजीवर आणि दुधावर गोव्याची चूल पेटते हे आपल्याला ठाऊकच आहे. त्यांचा टेंपो संध्याकाळी भाजी भरून निघायचा, खानापूर, अनमोड घाट, फोंडा करत पहाटे म्हापशाच्या बाजारात रिकामा व्हायचा. माझी मावशी म्हापशाजवळ आसगावात दिलेली. मावशीकडे जातो म्हणून आम्ही दोघे कोबीच्या पोत्यांवर बसून गेलो. दिवसभर झोपा काढल्या. रात्री मावशीच्या अंगणात बसलो असताना डोंगरापलीकडून आवाज यायला लागला. आवाज तरी कसला, जमिनीतून येणारा ठोका. मावशी म्हणाली, "सुरू झालं यांचं," आणि उठून खिडक्या लावून घेतल्या. आम्ही दोघे मागच्या दाराने निघालो.

तिथे जे पाहिले ते आजही डोळ्यांपुढे आहे. माडांच्या मधे एक मोकळी जागा. तिकीट नाही, फाटक नाही. झाडांना चमकणाऱ्या रंगांची कापडे बांधलेली. कडेने गावातल्या बायका चटया अंथरून, रॉकेलचे दिवे लावून बसलेल्या. चहा, ऑम्लेट, केक विकत होत्या. परदेशी मंडळी त्यांना 'चाय मामा' म्हणायची. आणि मधे दोन-तीनशे माणसे नाचत होती, पण एकमेकांना धरून नाही, कुणाला दाखवायला नाही. ज्याचा तो. संगीत लावणारा माणूस एका कोपऱ्यात झाडाखाली खाली मान घालून बसलेला. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हते.

हे संगीत म्हणजे 'गोवा ट्रान्स'. आपल्या शेजारच्या गावाचे नाव जगभर घेऊन गेलेले संगीत, पण आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ता नाही, म्हणून थोडे सांगतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी मंडळी हणजुण्याच्या किनाऱ्यावर येऊ लागली. पौर्णिमेच्या रात्री शेकोटीभोवती गिटार घेऊन गाणी व्हायची. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्यातल्याच काहींनी युरोपातले यंत्रांवर केलेले संगीत आणून वाजवायला सुरुवात केली. उन्हात आणि धुळीत तबकड्यांचे हाल होत, म्हणून ते कॅसेटवर, आणि पुढे 'डॅट' नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर वाजवीत. पावसाळ्यात आपापल्या देशी जाऊन नवे संगीत तयार करायचे, आणि हिवाळा आला की टेप घेऊन गोव्यात परतायचे, असा तो फेरा होता. १९९० च्या दशकात लंडनपासून तेल अवीवपर्यंत या संगीताच्या कंपन्या निघाल्या. १९९४ च्या डिसेंबरात बीबीसी रेडिओवर पॉल ओकनफोल्डने 'गोवा मिक्स' या नावाने दोन तासांचा कार्यक्रम केला आणि बोभाटा झाला.

त्या संगीतातला तो वळवळणारा, चिरकत वर चढणारा सूर ज्या यंत्रातून आला त्याची गोष्ट मी विद्यार्थ्यांनाही सांगतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९८०-८२ च्या सुमारास 'टीबी-३०३' नावाची छोटी पेटी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला साथीला बास गिटार मिळावी हा हेतू. पण तिचा आवाज बास गिटारसारखा मुळीच येईना. कुणी घेईना, १९८४ मध्ये कंपनीने ती बंद केली. जुन्या बाजारात स्वस्तात पडलेली ती पेटी गरीब पोरांनी उचलली, तिच्या खुंट्या उलट्यासुलट्या पिळल्या आणि त्यातून जे निघाले त्यावर पुढे सगळे जग नाचले.

ठेका मिनिटाला १४० ते १५० ठोके. आपल्या हृदयाच्या जवळजवळ दुप्पट. ऐकताना मला आमच्या बेळगुंदीच्या सप्ताहातला शेवटचा गजर आठवला. तिथेही टाळ-मृदंगाची लय चढत जाते, शब्द पुसट होतात, माणूस स्वतःला विसरतो. आणखी एक गोष्ट होती. मध्यरात्रीचे संगीत गडद असायचे, अंगावर येणारे. उजाडायला लागले की सूर उलगडायचे, मोकळे व्हायचे. रात्रीचे वेगळे, सकाळचे वेगळे. रागांच्या वेळा पाळणाऱ्या आपल्या कानाला हे नवीन नव्हते. सूर्य वर आला तेव्हा अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी, आणि माझा मित्र मला म्हणाला, "लेका, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं की!"

त्यानंतर आम्ही वेडे झालो. बुधवारच्या हणजुण्याच्या बाजारातून कॅसेटी आणायच्या. मित्र त्या टेंपोत लावायचा. खानापूरच्या नाक्यावरचा पोलीस विचारायचा, "एनप्पा, टेप केट्टैतेनु?" टेप बिघडला काय?

आता उतरणीचे सांगतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे एक पिकल्या दाढीचा जर्मन भेटला होता. पंधरा वर्षे येत होता. चहा पिता पिता तो म्हणाला की हे सगळे केव्हाच संपले, आता येणारी गर्दी नुसती बघायला येते. तेव्हा आम्हाला तो खवट म्हातारा वाटला. फार पुढे लक्षात आले, की 'बघायला येणारी गर्दी' म्हणजे आम्हीच होतो. आणि त्याच्याही आधी, गिटारवाल्यांनी यंत्रवाल्यांना हेच ऐकवले होते.

मग संगीत बदलले. २००० च्या आगेमागे त्यातले सूर कमी होत गेले, नुसता ठोका उरला. 'सायट्रान्स' म्हणू लागले त्याला. पुष्कळ जुने लोक तिथेच गळाले. मित्राने कॅसेटी घ्यायचे थांबवले, तरी आम्ही जात राहिलो.

मग कायदा आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शिक्कामोर्तब केले. रात्रभराची मैफल संध्याकाळची झाली. दहा वाजता बंद, नाहीतर बंद दाराआड, तिकीट काढून. पहाटेचे सूर वाजवायला पहाटच उरली नाही.

इथे सासूबाईंची आठवण सांगितली पाहिजे. माझे सासरे गाण्याचे वेडे होते. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात महोत्सव सुरू झाला, तिथे ते दरवर्षी धारवाडहून जात. कांबळे, डबा, थर्मास घेऊन रात्र रात्र बसत. त्याच नियमांनी तिथलीही रात्र गेली. मैफली दिवसा आणि संध्याकाळी होऊ लागल्या. सासरे एक-दोनदा जाऊन आले आणि म्हणाले, उत्तररात्रीचे राग ऐकायचे नाहीत तर पुण्याला कशाला जायचे? म्हणजे वागातोरचा जावई आणि सवाईचा सासरा, दोघांचे दुखणे एकच! पण आम्ही कधी एकमेकांना सांगितले नाही. मला लाज वाटत होती.

शेवटी पैसा आला. २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर 'सनबर्न' सुरू झाला. २०१० च्या डिसेंबरात आम्ही दोघे गेलो. मनगटाला पट्टा, झडती, चहूबाजूंनी कंपन्यांचे फलक. तीन मजली स्टेज आणि त्यावर वाजवणारा. हजारो माणसे एकाच दिशेला तोंड करून उभी. हातात मोबाइल. तासाभराने एक उतरणार, दुसरा चढणार. रात्रभराची एक चढण आणि एक उतरण, ती गोष्टच नाही. मित्र अर्ध्या तासात बाहेर आला आणि कठड्यावर बसून म्हणाला, "हे लग्नाच्या वरातीसारखं झालं." परतीच्या वाटेवर दोघेही बोललो नाही. ते शेवटचे जाणे. पुढे २०१६ मध्ये तो महोत्सव पुण्याला गेला, मग परत गोव्यात आला, २०२४ मध्ये पेडण्याच्या धारगळला झाला तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, हे सगळे आम्ही पेपरात वाचले.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, मास्तरांचा स्वर्ग बाजाराने लुटला. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण गोष्ट इथे संपत नाही.

मित्राने भाजीचा धंदा भावाकडे सोपवला आणि २०११ नंतर स्वतःचा साउंड घातला. आपल्याकडे ज्याला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात तो. मोठमोठी खोकी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी केलेली भिंत. गणपती, शिवजयंती, लग्ने, जत्रा. धंदा चांगला चालला. बास कसा लावायचा हे मला वागातोरने शिकवले, असे तो अभिमानाने सांगायचा.

तीन वर्षांपूर्वीची अनंत चतुर्दशी. मिरवणूक आमच्या गल्लीत आली. आमचे आप्पा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. माजघरात निजले होते. फळीवरचे पितळी डबे थरथरायला लागले, एक खाली पडला. आप्पा उठून बसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "आत काहीतरी हलतंय रे." मी त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून, मागे भाच्याला धरायला घेऊन, मागच्या वाटेने बेळगावला नेले. रक्तदाब भलताच चढला होता. रात्रभर ठेवून घेतले. सकाळी उतरला, देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी मी मित्राच्या दारात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. वीस-बावीस वर्षांच्या दोस्तीत कधी बोललो नव्हतो ते. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, हेही ऐकवले. तो उंबऱ्यात बसून होता. सगळे ऐकून घेतले, मग म्हणाला, "आप्पांच्या पाया पडायला येतो मी. ती माझी चूक. पण तू मला कायदा शिकवूलालास, तर एक सांग. आसगावला तुझी मावशी रोज खिडक्या लावून घेत होती. तवा आपण काय करूलालतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हते.

वाचकहो, मी मावशीच्या घरी सात-आठ हिवाळे जेवलो. एकदाही विचारले नाही, की मावशी, तुला झोप लागते का? तिचे सासरे अंथरुणाला खिळलेले होते. पहाटे मी मागच्या दाराने परत यायचो तेव्हा ती त्यांच्या उशाशी बसलेली दिसायची. मला वाटायचे, लवकर उठली. ती उठलेली नसायची, झोपलेलीच नसायची. चटईवर चहा विकणाऱ्या बायकांचे मला कौतुक वाटे. त्या रात्रभर जागून किती कमावतात, घरी पोरे कुणाकडे ठेवून येतात, हे विचारावेसे वाटले नाही. नशेचा बाजार तेव्हाही होता, आम्ही तिकडे पाठ करून नाचलो इतकेच. २००८ मध्ये हणजुण्याच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला, तेव्हा जगाला धक्का बसला. आसगावात फारसा बसला नाही.

ज्या कायद्याने आमची पहाट हिरावली असे आम्ही म्हणत आलो, त्या कायद्याने मावशीला झोप दिली. आणि ज्याने सासऱ्यांचे उत्तररात्रीचे राग नेले, त्यानेच कुण्या आप्पांची छाती वाचवली असेल. दोन्ही खरे आहे. एक खरे म्हणून दुसरे खोटे होत नाही, हीच तर अडचण आहे.

आणि तरीही, त्या पहिल्या पहाटेचे सूर खोटे होते असे मी म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांनाही जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली होती. नवे संगीत ऐकायला मन मोकळे लागते. ते आमचे त्या वयात होते. गेले ते गोव्यातून गेले की आमच्यातून, हे ठरवणे मला जमलेले नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात 'गोवा गिल' गेला. कॅलिफोर्नियातून आलेला, इथेच साधू झालेला, चोवीस-चोवीस तास सलग वाजवणारा माणूस. नाचणे हेही ध्यानच, असे तो मानायचा. त्याची बातमी मला मित्रानेच फोन करून सांगितली. मिरवणुकीनंतर वर्षभरात आमचे ते पहिले नीट बोलणे. त्या डिसेंबरात आम्ही दोघे गाडी काढून गेलो, यावेळी चोर्ला घाटातून. माडांमधली ती मोकळी जागा शोधली. सापडली नाही. उंच भिंती, त्यामागे बंगले, फाटकावर पहारेकरी. एका दुकानदाराला विचारले, त्याने विचारले, "कसली जागा?" आम्ही आसगावला मावशीकडे जेवलो. ती आता ऐंशीला टेकली आहे. मी धीर करून विचारले, "मावशी, तेव्हा तुला फार त्रास व्हायचा का गं?" ती म्हणाली, "व्हायचा तर. पण तुम्ही दोघं सकाळी इतके आनंदात यायचा, की बोलवायचं नाही." आणि मित्राच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

परतताना कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी थांबलो. मित्राने मोबाइलवर ते जुने संगीत लावले. आवाज इतका लहान, की कुंडातल्या पाण्याचा आवाज त्याच्यावरून ऐकू येत होता. तो म्हणाला, "तू आता म्हातारा होऊलालास लेका." मी म्हटले, "आणि तू?" त्याने उत्तर दिले नाही. धंदा त्याने सोडलेला नाही. पोटाचा प्रश्न आहे, आणि नको म्हटले तर मंडळाची पोरे दुसऱ्याची भिंत आणतात. पण गेली दोन वर्षे आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो बास उतरवतो, आणि ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरापुढून मुकाट्याने जातो. पोरे त्याच्यावर ओरडतात.

तर मुलीचे काय? काल रात्री तिला हे सगळे सांगितले. आप्पाही ऐकत होते. सासूबाईही. मुलीने शेवटी विचारले, "मग मी जाऊ की नको?"

मी म्हटले, "जा. चौघी मिळून राहा, कुणी दिलेलं काही खाऊ-पिऊ नका, कानांत बोळे घाला, रात्री फोन कर. आणि परत आलीस की तिथं काय ऐकलंस ते मला सांग. मी 'आमच्या वेळी' म्हणून मधे बोलणार नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, "नोडोण." बघू या.